खंडेनवमीला उघडलेली पेटी

आमच्या घरातल्या बायका कारखान्यात वर्षातून एकदाच जायच्या, खंडेनवमीला. एरवी कारखाना आमच्यापर्यंत यायचा तो आप्पांच्या कपड्यांतून. बिडाची काळी भुकटी, मशिनवर ओततात त्या कूलंटचा आंबूस वास, खिशात राहिलेला लोखंडाचा कुरळा कीस. आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि त्या बादलीतलं पाणी मोरीत ओतताना प्रत्येक वेळी म्हणायची, "आला बघ कारखाना घरात." उद्यमनगरातला तो पत्र्याच्या छताचा कारखाना आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ तात्या मिळून चालवायचे. लेथ, शेपर, ड्रिल, आणि कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेलं, काचेच्या खिडकीचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, एक फोन. पंपांचे बिडाचे भाग फौंड्रीतून ओतून यायचे आणि आमच्याकडे कातून, भोकं पाडून, गुळगुळीत होऊन पुढे जायचे.

खंडेनवमीला मात्र आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून, हातात डबे आणि ताटं धरून, रिक्षानं तिथे उतरायचो. चपला दारात. मशिनं आदल्या दिवशी रॉकेलनं पुसून लख्ख केलेली, मुठींना झेंडूच्या माळा, आणि एका पाटावर लाल कापड घालून त्यावर पाने, हातोड्या, मापं ओळीनं मांडलेली. आई हळदीकुंकू वाहायची, तात्या नारळ फोडायचे, कामगारांना भडंग आणि पेढ्याची पुडी मिळायची. मग त्या दिवसापुरता कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. हत्यार वर्षभर आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याचा. ही कल्पना मला तेव्हाही आवडायची आणि आजही आवडते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिकत ऐकली की लोक मला देवधर्म न मानणाऱ्यांत ढकलून मोकळे होतात.

मला इंग्रजी शाळेत घातलं ते तात्यांनीच. "घरात एक तरी फाडफाड बोलणारं पायजे," असं ते म्हणाले होते म्हणे. शाळेत मुली माझ्या मराठीला हसायच्या आणि घरात सगळे माझ्या इंग्रजीला. दोन्हीकडे हसं होणारं तोंड बंद ठेवायला मी लवकर शिकले. घरात माझं इंग्रजी म्हणजे शोकेसमधला कपबशांचा सेट होता. पाहुणे आले की काढायचा, दाखवायचा, पुसून परत ठेवायचा. "ए मडम, जरा बोलून दाखव की पावण्यांला," असं तात्या म्हणायचे, मी दोन वाक्यं बोलायची, पाहुणे "वा वा" म्हणायचे आणि मी चहाचा ट्रे उचलून आत यायची. तोंड बंद असलं की डोळे आणि कान फार चालतात. कुठल्या मशिनचा आवाज आप्पांना आज खटकलाय हे मला त्यांच्या जेवणावरून कळायचं. कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. घरच्यांच्या लेखी ते नुसतं बी.एस्सी. होतं, स्थळाला सांगायला बरं. घरातला मिक्सर, रेडिओ, इस्त्री मीच उघडायची, पण ते स्वयंपाकासारखंच धरलं जायचं. केलं तर दिसत नाही, नाही केलं तर दिसतं.

मला कारखान्यात काम करायचं होतं. हे मी एकदा जेवताना बोललेही होते. तात्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "कारखान्यात? तितं काय करणार तू? लेथला इंग्लिश शिकवणार?" सगळे हसले. मीही हसले. पण त्या रात्रीपासून मी ती गोष्ट मनातून काढून टाकली नाही, नुसती झाकून ठेवली.

त्या काळी कामाची ड्रॉइंगं फॅक्सनं यायची आणि आमच्याकडे फॅक्स नव्हता. माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो विचारतो, "म्हणजे फोटो काढून नाही पाठवायचे?" नाही रे बाळा. चौकातल्या टेलिफोन बूथवर मशीन होतं, त्यातून कागद सरकत बाहेर यायचा, काउंटरवर पडून राहायचा, त्याच्यावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवायचं, आणि आम्ही पोचायच्या आधी आजूबाजूचे चार जण तो वाचून मोकळे व्हायचे. मुंबईच्या एका पंप कंपनीचं काम आमच्या हातून असंच गेलं. आमचं ड्रॉइंग बघून शेजारच्या कारखानदारानं आमच्याआधी दर कळवला. आप्पा ओरडले नाहीत. कित्येक दिवस जेवताना बोललेच नाहीत. मग एके दिवशी त्यांनी ऑफिसातल्या टेबलावर प्रिंटरसकट कॉम्प्युटर आणून ठेवला. त्यातच एक कार्ड बसवलं, फोनची वायर जोडली, की फॅक्स थेट पडद्यावर येतो, चौकात जायला नको, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तात्या त्याला कॉम्प्युटर म्हणत नसत. पेटी म्हणत.

कार्ड बसवायला सिस्टमवाला आला तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दिवस कलल्यावर. त्यानं पेटीचं झाकण काढलं, मागची एक पट्टी काढली आणि घड्याळ बघितलं. "उद्या माझीपण हत्यारं पूजेला. दसरा झाला की येतो," म्हणाला आणि झाकण भिंतीला टेकवून गेला. कार्ड आपल्या डब्यात, पेटी उघडी. आप्पांनी तिच्यावर एक टॉवेल टाकला. कार्डाबरोबरचं इंग्रजी पुस्तक तात्यांनी घरी आणून माझ्यापुढे टाकलं. "मडम, वाचून ठेव. सिस्टमवाला कुटली वायर कुटं घालतोय ते मला सांगाय पायजे." मी ते त्या संध्याकाळी पुरण वाटता वाटता वाचलं, पाट्याशेजारी डब्याला टेकवून. पानांना वेलदोड्याचा वास लागला. ते इंग्रजी कुठल्यातरी परक्या देशातल्या बिचाऱ्या माणसानं शब्दकोश उघडून लिहिलेलं होतं. एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'कार्ड खाचेत बेताच्या धैर्याने दाबावे.' आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी त्याखाली लाल रेघ मारली असती. मला ते पटलं. चित्रं चांगली होती. खाच कुठली, दात कुठले, स्क्रू कुठे, आधी धातूला हात लावून अंगातली वीज कशी उतरवायची, सगळं होतं. पुस्तक मिटलं तेव्हा हे आपल्याला येतं, हे मला माहीत होतं.

सकाळी पूजा रीतसर झाली. तात्यांचा उत्साह मोठा. लेथ झाला, शेपर झाला, मग ते ऑफिसात आले. "ही पन आता घरचीच," म्हणाले, पेटीवरचा टॉवेल बाजूला केला आणि मूठभर अक्षता उधळल्या. अक्षता आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या. तात्या देवाला दुसरा तांदूळ चालवून घेत नसत. बारीक दाणा, कुंकवात माखलेला. काही पडद्यावर, काही टेबलावर पडल्या. बाकीच्या कुठे गेल्या ते तेव्हा कुणी पाहिलं नाही.

नारळाचं पाणी वाटून होतंय तोवर फोन वाजला. आप्पा हिंदीत "जी साब, जी साब" करत उभेच राहिले आणि फोन ठेवून बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर ते न बोललेले दिवस परत आलेले होते.

"काय झालं रं?" तात्यांनी विचारलं.

"मुंबईची कंपनी. मोठं काम हाय. ड्रॉइंग आज जेवणानंतर फॅक्सवर लावतो म्हणालेत. दर आजच्या आज पायजे, उद्यापासनं त्यांचं ऑफिस बंद. जो आज दर दील त्याला काम."

"मग बूथवर घ्यायचं."

"बूथवर?" आमचे जुने लेथवाले बाबूभाई तोंडातला पेढा गिळून म्हणाले, "बूथवर पयलं शेजारी वाचत्यात, मग आपण. आपल्या वाट्याला शिळंच येतंय की मालक."

"सिस्टमवाल्याला फोन लाव."

"लावला. हत्यारं उठल्याबिगर येत न्हाई म्हणतोय."

कारखाना बंद असला की पत्र्यावर चालणारी खारसुद्धा ऐकू येते. मी म्हणाले, "मी बसवते." ते कुणाला ऐकूच गेलं नाही, इतका माझा आवाज लहान. मी परत म्हणाले.

तात्या वळले. "कोन, तू? अगं मडम, ती पेटी हाय, कपबशी न्हवं."

माझी आई तात्यांशी कधी थेट बोलत नसे. थोरल्या दिराशी बोलायचं ते भिंतीकडे बघून. तेव्हाही ती फुटलेल्या नारळाकडे बघत म्हणाली, "घरातला मिक्सर, रेडिओ उघडतंय कोन? पोरगीच उघडतीय न्हवं?"

"उघडू दे की, परवा उघडू दे. आज हत्याराला हात लावायचा न्हाई. बापजाद्यांपासनं कुनी लावल्याला न्हाई. काय रं?" तात्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा जमिनीकडे बघत होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मला त्या गप्प राहण्याची सवय होती. मीही तशीच होते, त्यांचीच मुलगी. पण त्या क्षणी मला त्या गप्पपणाचा इतका कंटाळा आला की पाय आपोआप पाटाकडे गेले.

स्क्रूड्रायव्हर हातोडीशेजारी होता, मुठीवर हळदीचं बोट. आई घाईनं म्हणाली, "थांब थांब, त्याची एकट्याची उत्तरपूजा करून देते."

"एका स्क्रूड्रायव्हरची उत्तरपूजा?" तात्या कडाडले. "त्यो काय गणपती हाय व्हय?"

बाबूभाईंना हसू आवरेना. त्या हसण्यात मी स्क्रूड्रायव्हर उचलला. आईसाठीही थांबले नाही. थांबले असते तर त्यावर चर्चा झाली असती, आणि आमच्या घरात ज्या गोष्टीवर चर्चा होते ती गोष्ट होत नाही. पेटीची वायर बोर्डातून काढली. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लेथच्या उघड्या लोखंडाला हात लावला, तर तात्यांना वाटलं मी लेथच्या पाया पडतेय. "आता नमस्कार करून काय उपेग?" ते म्हणाले. मी सांगितलं नाही. अनवाणी पायांखाली फरशी गार होती. कार्ड डब्यातून काढलं. हिरवं, तळहाताएवढं, सोनेरी दातांची रांग असलेलं. तात्या दारात उभे, बाबूभाई काचेला नाक लावून, आई आणि काकू ताटं धरून. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता, बायकांना घरी न्यायला. कुणी हललं नाही.

कार्ड खाचेवर ठेवून दाबलं. एक टोक बसलं, दुसरं वर राहिलं. परत काढलं, परत दाबलं. तेच. कार्डावरचं स्क्रूचं भोक पेटीच्या भोकाशी जुळेना.

"दाब की जोरात!" तात्या म्हणाले. ज्यांना हात लावलेला नको होता, त्यांनाच आता जोर हवा होता. "न्हाईतर हो बाजूला, मी दाबतो."

"मोडंल," मी म्हणाले.

"मग बसत न्हाई म्हण की सरळ! येत न्हाई म्हण!"

माझे कान तापले. लेथवर काम बसत नसलं तर बाबूभाई हातोडी घालतात का? आधी वाकून बघतात, मध्ये काय अडकलंय. मी कार्ड बाजूला ठेवलं आणि त्या खाचेत वाकून बघितलं. काळ्या खाचेच्या तोंडाशी, अगदी बरोबर मापानं बसलेला, एक लाल दाणा होता. जाडा तांदूळ तिथे शिरलाच नसता. घनसाळ शिरला.

"आई, खराट्याचा एक हीर दे."

आईनं कोपऱ्यातल्या खराट्यातून हीर मोडून दिला. मी तो दाणा हळूच टोकरून बाहेर काढला, तळाशी सांडलेल्या अक्षताही वेचल्या, आणि सगळ्या टेबलाच्या कडेवर, तात्यांच्या समोर, ठेवल्या. तात्यांनी त्या बघितल्या. आवाज थोडा उतरला, पण मान नाही.

"अक्षता हायत त्या. आशीर्वाद हाय."

"आशीर्वाद वर ठेवा तात्या. आत नको."

हे मी म्हणाले. बोलल्यावर मलाच ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून आल्यासारखं वाटलं. मग कार्ड परत ठेवलं आणि दाबलं, बेताच्या धैर्यानं. ते आत गेलं, आणि गेल्याचा एक बारीक आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. स्क्रू आवळला. झाकण लावलं. फोनची वायर कार्डात घातली. पेटी चालू केली, कार्डाबरोबरच्या फ्लॉपीवरचं सगळं आत घेतलं आणि फोन आला की तुझा तूच उचल असं तिला सांगून ठेवलं. जेवणाचे डबे तिथेच उघडले. कटाची आमटी आणि पुरणपोळी, मशिनांच्या मध्ये बसून. आयुष्यात पहिल्यांदा मी कारखान्यात जेवत होते. तुपाला बिडाचा वास लागलेला होता आणि मला ते जेवण फार चांगलं लागलं.

फोन वाजला. पेटीतून खरखर झाली, पडद्यावर अक्षरं हलली, आणि तेवढ्यात तात्यांनी, जन्मभराच्या सवयीनं, बाहेर शेपरजवळ ठेवलेल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलला. त्याच लाइनचा.

"हॅलो! हॅलो! कोन बोलतंय? आवं किंचाळालाय का? पावणं, नीट बोला की! हॅलो!"

पडद्यावरची अक्षरं थांबली.

"तात्या, खाली ठेवा तो!"

मी ओरडले. कारखान्यात मशिनं चालू असताना पुरुष जसे ओरडतात तसं, पोटातून. पत्र्यावरून आवाज परत आला. काकूंच्या हातातला चमचा पडला. तात्यांनी रिसीव्हर ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू ओरडलं ते त्यानंच.

मग फोन परत वाजला. या वेळी सगळे हात मागे बांधून उभे. पेटीतून आधी लांब शीळ, मग किंचाळी, मग वाळू चाळल्यासारखी खसखस, आणि पडद्यावर रेघेमागून रेघ उतरायला लागली. पंपाची चकती, तिची भोकं, मापं, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. प्रिंटरवर कागद कुरकुरत बाहेर आला. चहाचा डाग नसलेलं ड्रॉइंग आप्पा पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी तो कागद धुतल्या हातांनी धरला. बाबूभाई आणि आप्पा त्यावर वाकले, हिशोब झाला, दर ठरला, मी तो इंग्रजीत टाइप केला आणि त्याच वायरीतून मुंबईला पाठवला. अंधार पडायच्या आत तिकडून फोन आला. काम आमचं होतं.

तात्यांनी सगळ्यांना परत पेढे वाटले. मला देताना पेढा हातातच धरून ठेवला.

"काम झालं, चांगलं झालं. आता त्या पाटाफुडं डोकं टेक आणि चुकलं म्हण. हत्यार उचललंस, थोरल्यावर वरडलीस. एकदा चुकलं म्हण, मिटलं."

"म्हणा ताई, काय जातंय?" बाबूभाई हळू म्हणाले.

आप्पांनीही मान हलवली. "म्हण गं सुजा. थोरलं मानूस हाय."

काय जातं, हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. मी ते वाक्य म्हटलं असतं, तर तो दिवस पोरीनं केलेल्या आगाऊपणाचा झाला असता, चालवून घेतलेला, माफ केलेला. मला माफी नको होती. मला तिथली जागा हवी होती. मी पाटाजवळ गेले, स्क्रूड्रायव्हर पुसून हातोडीशेजारी होता तसा ठेवला, हात जोडले आणि मागे आले.

"म्हनालीस?"

"नाही. चुकलं असतं तर म्हटलं असतं."

"मग परत ह्या कारखान्याची पायरी चढायची न्हाई," तात्या म्हणाले, आणि पेढा परत पुडीत गेला.

दसऱ्याला घरी सगळ्यांनी सगळ्यांना सोनं दिलं. मी तात्यांच्या पाया पडले, कारण ते थोरले होते, आणि त्यांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, कारण तो दसरा होता. मटणाचा वास, तांबड्या रश्श्याची वाफ, आणि त्यात आम्ही दोघं आपापल्या पानात बघत बसलेलो. आई मला भाकरी वाढताना भिंतीकडे बघून म्हणाली, "कारखाना उद्या उघडतोय." एवढंच. पण सकाळी तिनं दोन डबे भरले होते.

आता कारखाना औद्योगिक वसाहतीत आहे आणि तो मी चालवते. खंडेनवमीला मशिनं धुऊन-पुसून पुजली जातात. आदल्या दिवशी सगळी झाकणं बसलीत का हे मी स्वतः फिरून बघते. हळदीकुंकू वाहते, अक्षता वाहते, त्याही घनसाळच्याच. हात जोडते. ते वाक्य म्हणत नाही.

दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी मी डबा घेऊन चालत उद्यमनगरात गेले. मशिनं चालू होती, कामगारांनी माना वर करून बघितलं आणि परत खाली घातल्या. आप्पा ड्रिलपाशी होते, त्यांनी मला बघितलं आणि पाठ फिरवली. अडवायला आले नाहीत, एवढं माझ्यासाठी पुरे होतं. तात्या ऑफिसात होते, पेटीसमोर, त्या एकुलत्या एका खुर्चीत, पाय दारात पसरून. मी दाराशी उभी राहिले.

"चुकलं म्हनायला आलीस?"

"नाही. कामाला आले."

ते काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. त्यांचा हात सवयीनं रिसीव्हरकडे गेला आणि वरच्या वर थांबला. पेटीतून शीळ आली, मग किंचाळी. तात्या तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हात मागे घेतला, पाय आवरले.

"बघ की मग," ते म्हणाले. "तुझं पावणं आल्यात."

मी डबा टेबलावर ठेवला आणि तशीच उभी राहिले. खुर्ची एकच होती. त्यांना उठावं लागलं.